खिडकीतून टाकलेला टॉवेल

मी श्रीपतरावांचा टॉवेल बोलतोय. पांढरा, लाल काठाचा. गुलबर्ग्याच्या बाजारातून निघालो तेव्हा वाटलं होतं, जन्म तोंडं पुसण्यात जाणार. पण मालक मोठा भेटला. गाव त्यांना अप्पा म्हणतं. पुसायला त्यांच्याकडे दुसरे टॉवेल होते. मी फक्त जागा धरायचो.

आमच्याकडे बसच्या खिडकीतून टॉवेल आत टाकला की सीट आपली. हुमनाबादच्या स्टँडवर अप्पा मला असा भिरकावत की मी नेमका सीटवर पडे. मग ते निवांत चहाला जात.

ग्रामपंचायतीतही तेच. आधी त्यांचे वडील अध्यक्ष, मग ते. या खेपेला अध्यक्षपद दलित बाईसाठी राखीव झालं, तेव्हा त्यांनीच भीमनगरच्या चांगुणाबाईंचं नाव पुढं केलं. "गरीब हाय, उलटून बोलायची न्हाई," म्हणाले. मी खांद्यावरच होतो. चांगुणाबाई अध्यक्ष झाल्या आणि खुर्चीवर मी बसलो! त्या दाराजवळ स्टुलावर बसत, अप्पा सांगतील तिथं सही करत. मला तर फार ऐट आली होती.

त्या दिवशी बैठकीत नळाची नवी लाइन ठरायची होती, भीमनगरला न्यायची की अप्पांच्या मळ्याकडे. हुमनाबादहून परतताना अप्पांनी मला खिडकीतून टाकलं. चहाबरोबर भजी आली, भज्यांबरोबर गप्पा रंगल्या, आणि बस सुटली.

चांगुणाबाई त्याच बसमध्ये उभ्या होत्या. कंडक्टर म्हणाला, "बसा की अक्का, कामून उभारलाव?"

"अप्पाचा टॉवेल हाय."

"मग टॉवेलाचे पाय दुखायलेत व्हय?"

बाई खुदकन हसल्या. मला मांडीवर घेऊन बसल्या. गाव येईपर्यंत माझ्या काठावरून बोट फिरवत कसला तरी विचार करत होत्या.

मला परत द्यायला म्हणून त्या पंचायतीत आल्या. सगळे सदस्य जमले होते. त्यांच्यातला संगमेश्वर म्हणाला, "टॉवेल आला, म्हंजे अप्पाबी यायलेत. टाका खुर्चीवर."

बाईंनी माझ्यानंच खुर्चीवरची धूळ पुसली, मला भिंतीच्या खिळ्याला अडकवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या.

"अक्का, अप्पा यायच्या आधी?"

"त्यांच्यासाठी बस थांबली न्हाई. मग भीमनगरच्या बायकांनी घागरी घेऊन अजून किती थांबायचं? नळ भीमनगरला जाऊ द्या. कोण कोण संगं हाय, हात वर करा."

एक हात वर गेला, मग दुसरा. शेवटी दाराकडे बघत बघत संगमेश्वरनंही हात वर केला.

अप्पा पुढच्या बसनं आले, घामाघूम. "माझा टॉवेल कुठं हाय?"

"खिळ्याला हाय. घाम पुसा, बसा अप्पा," म्हणत चांगुणाबाईंनी स्टुलाकडे हात केला.

त्यांनी घाम पुसला, पण मला घरी नेलं नाही.

आता मी त्याच खिळ्यावर असतो. पंचायतीत येणारा-जाणारा माझ्यावर हात पुसतो. भीमनगरच्या बायका तर नळाचं पाणी भरून ओल्या हातांनीच येतात. मी मळलोय, काठ विरलाय, पण मजेत आहे. एवढंच मागणं आहे, मला खुशाल धुवा, पिळा, फाटेस्तोवर वापरा, पण कुठल्या खुर्चीवर टाकू नका. तिथं बसायला तुम्ही आहात.