मोठ्या आवाजाला हलायचं नाही

आमच्या खोलीचा नियम एकच: आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. चार वर्षांच्या पोराला तो कळतो, ऐंशीच्या आजोबांना दोनदा ओरडून सांगितला की कळतो. त्या नऊ वर्षांच्या मुलीनं तो एका झटक्यात समजून घेतला आणि मग त्याची पार वाट लावली.

शाळेनं पाठवली होती. वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आईच्या हातात घामानं मऊ झालेली. ‘मोठ्याने हाक मारली तरी लक्ष देत नाही. कान तपासून घ्यावेत.’ आई तिशीतली, खुर्चीच्या कडेवर टेकलेली. मी नाव-वय लिहून घेत होते तेवढ्यात म्हणाली, “ताई, ऐकू येत नसेल तर तसं लिहून मिळतं ना?”

“तपासू तर द्या आधी!”

मला वाटलं, सवलत हवी असेल कशाची तरी. आमच्याकडे तसेही येतात. ऐकू नीट येतं, दाखला मात्र बहिऱ्याचा हवा.

मी काचेच्या अलीकडे बसते, पेशंट पलीकडच्या आवाजबंद खोलीत. खोली कसली, कपाटच ते. भिंतींना फोम आणि आत एक खुर्ची. मी मशीनवरून हेडफोनमध्ये आवाज सोडते, आतला माणूस बटण दाबतो, माझ्याकडे दिवा लागतो. मी या दवाखान्यात लागले ती फरशी पुसायला. हे काम आधीच्या बाईंच्या पाठीशी उभी राहून शिकले, परीक्षा नंतर दिली. त्यामुळे मशीन बिघडलं की मला आधी स्वतःवरच संशय येतो.

मधल्या आवाजानं सुरुवात केली. दिवा लागला. कमी केला, लागला. आणखी कमी, आणखी कमी. मशीनच्या अगदी तळाशी एक आवाज आहे, मुंगीनं कूस बदलावी तसा. माझ्या स्वतःच्या कानांनी तो कधीच सोडलाय. त्यालाही दिवा, तोही लगेच. म्हटलं, पोरीला कान आहेत की काय आहे!

मग खात्रीसाठी म्हणून आवाज वाढवला. घरात माणूस ओरडतं तेवढा.

दिवा नाही.

अजून वाढवला. नाही. काचेतून पाहिलं तर पोरगी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे टाकून बसलेली. पापणीसुद्धा हलेना. दचकली असती तरी मला बरं वाटलं असतं.

हेडफोन बदलला. स्वतःच्या कानाला लावून पाहिला, तर माझा दात हलला. वायर बदलली. बारीक आवाजाला दिवा, मोठ्या आवाजाला दगड. सोंग घेणारी पोरं मी शेकड्यांनी पाहिलीत, पण ती बारीक आवाजाला बहिरी होतात. मोठ्या आवाजाला बहिरं होऊन कुणाचं काय भलं होणार?

डॉक्टरांकडे आलेख घेऊन गेले. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा.

“मूल सहकार्य करत नाही असं लिहा. महिन्यानं परत बोलवा.”

“सर, सहकार्य करतेय. जरा जास्तच करतेय.”

“बाई, बाहेर चाळीस जण आहेत. आपण कानापुरतं बघायचं.”

कानापुरतं! जसा काही कान पोरीच्या डोक्याला नसून खुंटीला टांगलेला असतो.

परत आले, त्या कपाटाचं दार सताड उघडलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. “बाळा, मोठा आवाज येतो का तुला?”

“येतो.”

“मग बटण का नाही दाबत?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये. “मोठ्या आवाजाला हलायचं नसतं, मावशी.”

“असं कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी हलले, रडले, की आई मला बघायला येते. मग बाबा तिला दारातच धरतात. मी नाही हलले तर लवकर संपतं.”

आई माझ्या टेबलापाशी होती, चार पावलांवर. “काहीतरीच बोलते,” ती पटकन म्हणाली. “ती आतल्या खोलीत अभ्यास करत असते, ताई. दार लावलेलं असतं. टीव्ही चालू असतो. तिला काही ऐकू येत नाही.”

“तू म्हणतेस ना,” मुलगी आईकडे वळून, चूक दुरुस्त करावी तशी शांतपणे म्हणाली, “‘हळू बोला, पोरीला ऐकू जाईल.’ ते पण येतं.”

आईनं एकदा दाराकडे पाहिलं. मग माझ्याजवळ आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “कमी ऐकू येतं असं लिहा ना, ताई. थोडंसं. लिहायला काय जातंय?”

तेव्हा मला कळलं तिला कसला दाखला हवा होता ते. इतकी वर्षं ती एवढ्याच एका आधारावर उभी होती, की माझं काय व्हायचं ते होवो, पोरीपर्यंत काही पोचत नाही. त्यावर तिला आमचा शिक्का हवा होता.

मला राग आला. तिच्या नवऱ्याचा येणं सोपं होतं, तो समोर नव्हता. मला तिचाच आला. मग मी तोंड बंद ठेवलं आणि मशीन बंद केलं.

“तळमजल्यावर बायकांसाठी मदत केंद्र आहे. तिथल्या बाई चांगल्या आहेत. चला.”

“आज नको. हे चारला येतात.”

“आता एक वाजलाय.”

“पुढच्या वेळी नक्की. पुन्हा तपासायला येऊ ना, तेव्हा.”

“पुन्हा तपासून काय कान बिघडणारेत तिचे?” मी म्हणाले. “नुसतं विचारायचं. विचारायला सही लागत नाही.”

मुलीचा हात मी धरला म्हणून आई मागून आली. दोन जिने आम्ही उतरलो. केंद्राच्या दाराला कुलूप.

शेजारच्या खिडकीत केसपेपरवाले बसतात. “जेवायला गेल्यात,” ते मान वर न करता म्हणाले.

“कधी येतील?”

“येतील की.”

“कुठं जेवतात?”

“ते काय मला सांगून जेवतात?”

झालं! डॉक्टर, आलेख, कुलूप, आणि मागे ती एकेक पाऊल दरवाजाकडे सरकणारी बाई. तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, दारावर पाटी लावलीय ना, दहा ते पाच! की शोभेला लावलीय? एक माणूस कसंबसं इथवर येतं आणि तुम्ही—”

“हळू, कानवाल्या बाई,” ते म्हणाले. “आम्हाला ऐकू येतं हो!”

माझ्या हातातला हात लाकूड झाला.

खाली पाहिलं. पोरगी तशीच, नजर समोरच्या भिंतीवर. श्वास घेतेय की नाही तेही कळेना. आवाज माझा होता. मी तिच्या बाजूनं ओरडत होते, पण हे तिला कोण सांगणार? आवाजाला कुठं बाजू असते!

मागे पाहिलं तर आई थांबलेली. लेकीकडे बघत होती. घरी हे होतं तेव्हा मधे दार असतं, आणि हिला स्वतःचा बचाव करण्यातून सवड नसते. पोरगी कशी होते ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं, तेही माझ्या कृपेनं.

मी खाली बसले. “चुकलं माझं,” जमेल तेवढ्या बारीक आवाजात म्हणाले. “तुझ्यावर नव्हते ओरडत.” तिनं मान हलवली, पण हात काही सुटेना.

आई आली, लेकीच्या पलीकडे बाकावर बसली. तिला जवळ ओढलं नाही की कुरवाळलं नाही. नुसती तिला चिकटून बसली. पिशवीतला फोन वाजला. काढून कानाला लावला. “हो… नाही, अजून नंबर लागायचाय. गर्दी आहे खूप.” समोरचा रिकामा बोळ बघत तिनं ही थाप मारली आणि फोन ठेवला.

“बसतो आम्ही,” मला म्हणाली. “त्या येईपर्यंत.”

चारला तिचा नवरा घरी येणार होता. बाई जेवून कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. वर चाळीस जण माझ्या नावानं खडे फोडत असणार. तरी मी पण बसले.

केसपेपरवाल्यांनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं. मग खिडकी लावून बाहेर आले. “बघून येतो कुठं आहेत त्या,” असं दबक्या आवाजात म्हणाले आणि चपला न वाजवता जिन्याकडे गेले.