पाठीमागची गाठ

माझा नवरा टाक्या साफ करतो. आमच्या तेलाच्या कारखान्यात उंच लोखंडी टाक्या आहेत. तेल काढून घेतलं की तळाशी गाळ उरतो, आणि तो पडून राहिला की त्यातून असा वायू सुटतो की माणूस दोन श्वासांत आडवा होतो. म्हणून आत उतरणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा असतो, मुखवट्याची नळी वर हवेच्या पंपाला जोडलेली असते, आणि पाठीच्या पट्ट्याला दोर. दोर कप्पीवरून टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात. उतरायची पाळी दोघांची आलटून पालटून. या लोकांची एक रीत आहे. आतल्याच्या पाठीमागची गाठ वरचा बांधतो, आणि आतला ती कधीच चाचपून बघत नाही. बघितली तर वरच्याला शिवी दिल्यासारखं होतं. मला ही रीत पहिल्यापासून मूर्खपणाची वाटते, पण मी पॅकिंगमध्ये डबे भरणारी बाई, मला कोण विचारतो!

नवऱ्याचा जुना जोडीदार गुडघ्यांनी बेजार होऊन घरी बसला आणि मुकादमाने नवा माणूस आणला. तो सतत शीळ घालायचा, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं नाव शिट्टी पडलं. ती शीळ मी पॅकिंगच्या खिडकीतून ऐकली आणि हातातला डबा तसाच धरून उभी राहिले. ती मी ओळखत होते. माझ्या धाकट्या नणंदेला भेटायला यायचा तेव्हा हा माणूस आमच्या दारापर्यंत हीच शीळ घालत यायचा. त्यांचं लग्न ठरलं होतं. आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार पुकार होते, अमक्याचं तमकीशी लग्न आहे, कोणाची हरकत असेल तर सांगा. दोन पुकार झाल्या, आणि तिसरीच्या आधी हरकत याचीच आली. नुसता मागे हटला असता तर गोष्ट वेगळी. आपली बाजू सावरायला त्याने तिच्या चालीबद्दल जे उठवलं ते घराघरात फिरलं. नणंद नको ते प्यायली. वाचली, पण गळा जळाला तो जळालाच. तेव्हापासून ती फक्त कुजबुजते.

जोडीदार नको म्हणायचं तर मुकादमाला कारण सांगावं लागलं असतं, आणि बहिणीची गोष्ट पुन्हा चारचौघांत गेली असती. नवरा गप्प राहिला. मला वाटलं, माणूस देवभीरू आहे, गिळेल.

आमच्या घरी संध्याकाळी जेवणाआधी तिघं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो. नवऱ्याचा आवाज मोठा, माझा मधला, नणंदेची कुजबुज. त्या आठवड्यात एके दिवशी माझ्या लक्षात आलं की आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की मोठा आवाज बंद पडतो. तेवढी ओळ आम्ही दोघीच म्हणायचो, पुढे तो पुन्हा सुरू. पाळकांना विचारलं असतं तर त्यांनी प्रार्थना करा म्हणून सांगितलं असतं. प्रार्थना चालूच होती, घोडं अडलं होतं एका ओळीवर.

मग तो कपडे वाळत घालायची दोरी घेऊन बसू लागला. खुर्चीच्या पाठीला गाठ बांधायचा, दोन्ही हातांनी ओढून बघायचा. गाठ दिसायला पक्की, पण भार आला की सुळकन सुटायची. पुन्हा बांधायचा. मी भाजी चिरत होते, सुरी ठेवली आणि विचारलं, हे काय चाललंय? त्याने वर बघितलं नाही.

"गाठीचीही गरज नाही," तो म्हणाला. "नुसता उशीर केला तरी पुरे. वर ओढ म्हणून त्याने आतून दोराला हिसका दिला आणि मी थोडा वेळ दुसरीकडे बघत राहिलो, तर कोण काय म्हणणार?"

खरं सांगते, ऐकून एक क्षण बरं वाटलं, आणि भीती वाटली ती त्या बरं वाटण्याचीच. मी म्हटलं, रजा टाक. तो म्हणाला, रजेवरून परत आल्यावर हे हात माझेच असतील ना. रात्री तो झोपला नाही. उजाडता उजाडता म्हणाला की आज त्याला सांगतो. काय सांगतोस म्हणून मी विचारलं, तर तो उठून तोंड धुवायला गेला.

चहाच्या सुट्टीत मी डबे टाकून टाकीच्या लोखंडी जिन्याने वर गेले. दोघं तोंडाशी उभे होते. शिट्टीने पट्टा हातात घेतला होता, त्याची उतरायची पाळी होती. मला बघून त्याने मान खाली घातली. म्हणजे तोही सगळं ओळखून होता.

"आज दोर माझ्या हातात देऊ नकोस," नवरा त्याला म्हणाला. "मी तुला वर ओढीन याची मला खात्री नाही."

शिट्टीचा चेहरा पांढरा पडला. खालून मुकादम ओरडत होता की टाकी आज रिकामी झालीच पाहिजे, दुपारी नवं तेल येतंय. मग शिट्टीने पट्टा नवऱ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मग तू उतर. दोर मी धरतो."

मला वाटलं, आता हा नाही म्हणेल. नाही म्हण, मी मनातल्या मनात ओरडत होते. ज्याला आत्ताच तुझ्या जिवावर उठलो होतो म्हणून सांगितलंस, त्याच्या हातात जीव देतोस? नवऱ्याने पट्टा चढवला आणि पाठ फिरवली. शिट्टीने गाठ बांधली. नवऱ्याचा हात एकदा कमरेपर्यंत मागे गेला, तिथेच थांबला आणि पुढे आला. त्याने मुखवटा लावला आणि तो त्या काळ्या भोकात उतरला.

दोर सरकत राहिला, मग थांबला. एक हिसका आला, म्हणजे ठीक. आतून फावड्याची खरखर ऐकू येत होती. मी शिट्टीच्या हातांवरून नजर हलवत नव्हते. पंप घरघरत होता.

आणि वीज गेली. पंप घरघरायचा थांबला.

कारखान्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दोराला तीन हिसके बसले, म्हणजे ओढ. शिट्टीने दोर धरलेला होता आणि तो हातातल्या दोराकडे बघत होता. नुसता बघत होता. पुन्हा तीन हिसके आले, या वेळी हलके. त्याच्या डोळ्यांत काय चाललं होतं ते मला लख्ख दिसलं, कारण तेच मी आठवडाभर घरात बघितलं होतं. त्याला वाटत असणार, आज ना उद्या हा माणूस मला मारणार. काहीच करायचं नाही, नुसता उशीर. मी दोर पकडला आणि ओढला, पण माझ्याच्याने तो हलेना.

"ओढा, भावोजी," मी म्हणाले.

त्या दोन पुकारांच्या दिवसांत मी त्याला याच नावाने हाक मारायची. इतक्या वर्षांत ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं, आणि निघावं असं मला कधी वाटलंही नव्हतं. तो दचकला, माझ्याकडे बघितलं आणि ओढू लागला. आम्ही दोघांनी ओढलं. नवरा वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. मुखवटा काढल्यावर तो ओकला, खोकला, मग श्वास घेतला. शिट्टी शेजारी बसून लहान मुलासारखा रडत होता. नवऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याने बहिणीला सगळं सांगितलं, खुर्चीच्या गाठीपासून. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं.

"गाठ कशी होती?"

"पक्की," तो म्हणाला. "लगेच ओढलं त्याने. क्षणाचाही उशीर केला नाही. त्याच्याबद्दल मी काय काय मनात आणलं होतं."

मी ताटं मांडत होते. आतल्या माणसाला वर काय चाललंय ते कुठून कळणार? जिभेवर आलेलं मी गिळलं. सांगितलं असतं तर उद्या गाठी पुन्हा सुरू झाल्या असत्या, आणि उद्या वर उभं राहायची पाळी नवऱ्याची होती. पण न सांगितलेलं आता माझ्याकडे होतं. तो दोराकडे बघत उभा आहे, हिसके हलके होत चाललेत, हे मी डोळे मिटले तरी दिसत होतं.

प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली आणि नवऱ्याचा मोठा आवाज अडखळत का होईना, पण आला. नणंदेची कुजबुज आली. मधला आवाज आला नाही. दोघं पुढच्या ओळीवर गेले नाहीत, थांबले. नवरा माझ्याकडे गोंधळून बघत होता.

नणंदेने टेबलाखालून माझा हात शोधला आणि धरला. तिला काय कळलं होतं, मला अजून माहीत नाही.

"वहिनी," ती कुजबुजली, "माझ्याबरोबर म्हण."

मला मोठ्याने जमलं नाही. मी तिच्याइतक्याच आवाजात म्हटलं.