मार्टाचं जाकीट

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मार्टाचा फोन आला. मी तेव्हा काउंटीच्या गोदामात ट्रकखाली पाठीवर पडून बर्फ ढकलायच्या पात्याचे बोल्ट आवळत होतो. मार्टा माझ्या थोरल्या भावाची, सुलोची, एकुलती एक मुलगी. वय एकतीस. डुलुथ शहरातल्या इस्पितळात एक्स-रे काढते.

"काका, यंदा बाबांच्या मचाणावर मी बसणार आहे," ती म्हणाली.

मी बरं म्हणालो. मग तिनं विचारलं, शनिवारी जेनीबाईंच्या शिकारी सामानाच्या दुकानात येशील का, जाकीट घ्यायचंय, माझ्याकडे शहरातलेच कोट आहेत. त्यालाही मी बरं म्हणालो. त्या वर्षी मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. मार्चमध्ये दातवाल्यानं विचारलं की दाढ वाचवायची की काढायची, तेव्हाही मी बरं म्हणालो होतो, आणि तो बिचारा चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला होता.

सुलो गेला त्याला वर्ष होत आलं होतं. हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा दुसरा दिवस होता. सकाळपासून पाऊस आणि बर्फ यांची खिचडी पडत होती. नऊच्या सुमाराला तो मचाणावरून उतरून कॅम्पवर, म्हणजे आमच्या जंगलातल्या लाकडी खोपटात, कॉफी प्यायला निघाला आणि ओढ्यातल्या दगडावरून घसरला. घोटा मोडला. छातीपर्यंत भिजला. कसाबसा सरपटत काठावर आला आणि एका झाडाला टेकून बसला. मी टेकडीच्या पलीकडे होतो. तो दुपारच्या जेवणाला आला नाही तेव्हा मला वाटलं, हरणाच्या मागावर गेला असेल. तो सापडला तेव्हा साडेचार वाजले होते. कॅम्पपासून सहाशे पावलंसुद्धा नव्हती.

मी त्याच्या जाकिटाची चेन उघडली. आतली पिसं भिजून गोळे होऊन खाली कमरेपाशी जमा झाली होती. खांद्यांवर नुसती दोन कापडं उरली होती.

ते जाकीट मी निवडलं होतं. सप्टेंबरात त्याला साठ पूर्ण झाली तेव्हा मागवलं होतं, आणि कॅम्पचं छप्पर दुरुस्त करायला आम्ही दोघंच गेलो होतो तेव्हा दिलं होतं. त्याचा जुना लोकरी कोट भिजला तरी ऊब धरायचा, पण वजनानं त्याचा खांदा दुखायचा. नवं जाकीट उशीइतकं हलकं होतं. पिसं भिजली की कामातून जातात हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. मी त्याच्या खांद्याचा विचार केला.

डॉक्टर म्हणाले, पाणी, वारा, वय, मोडलेलं हाड. कुठलंही जाकीट असतं तरी सांगता येत नाही. अंत्यविधीला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. रडलोही नाही. शवपेटी उचलली तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच आलं की डावीकडची कडी सैल आहे, कुणीतरी पेच आवळायला हवा.

शनिवारी दुकानात गर्दी होती. जेनीबाई सत्तरीच्या पुढच्या. नवऱ्यामागे चाळीस वर्षं दुकान चालवतायत, आणि कोण काय वापरतो हे त्यांना त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत असतं. मार्टानं पहिल्याच रांगेतलं एक फुगीर नारिंगी जाकीट काढलं आणि एका बोटावर टांगून मला दाखवलं. केवढं हलकं आहे, म्हणाली.

मी बुटांच्या फळीकडे बघायला लागलो.

जेनीबाईंनी ते तिच्या बोटावरून काढून घेतलं. त्यांनी समजावलं की हे चालणाऱ्याचं, कोरड्या थंडीचं. मचाणावर पाच-पाच तास हलायचं नाही, तेव्हा अंगाची भट्टी विझलेली असते. बसणाऱ्याचं जाकीट निराळं. मग त्यांनी बाहीवरून नख ओढलं. चर्र आवाज आला. "हा आवाज हरणाला तू जेवायला बोलावल्यासारखा ऐकू जातो. फक्त ते उलट्या दिशेनं जातं," त्या म्हणाल्या.

त्यांनी तीन-चार जाकिटं काउंटरवर टाकली. मार्टा प्रत्येकाची चेन उघडून बघत होती, लेबलं वाचत होती. एकात पिसं, एकात कृत्रिम धाग्याचं भरण, एकात दोन्हीचं मिश्रण. ती मला विचारत राहिली, मी म्हणत राहिलो की जेनीबाई सांगतील. तिसऱ्यांदा मी तसं म्हटल्यावर तिनं हातातलं लेबल सोडलं. कुठलाच ताण न जाणवता माझ्या तोंडून निघून गेलं:

"तुझ्या बाबांचं जाकीट मी निवडलं होतं."

तिनं हातातला हँगर जागेवर अडकवला.

"मला माहीत आहे. त्यांनी फोनवर सांगितलं होतं. खूश होते."

"मग मला कशाला आणलंस?"

"मग कुणाला आणू, काका? भिजल्यावर त्याचं काय होतं ते तू हातात धरून पाहिलंयस. इथं दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर धरून इथं मोडलंय, इथं नाही, असं सांगतात तसं ती बोलत होती. मी विचारलं, तुझ्या आईला माहीत आहे का.

"मी सांगितलेलं नाही. ते तुझं तू बघ."

मला वाटलं होतं की कधी ना कधी हे बोललो की काहीतरी होईल. काही झालं नाही. शेजारी एक माणूस हातमोजे घालून बघत होता, तो घालूनच बघत राहिला. मी जेनीबाईंना विचारलं, परत आलेला, खराब झालेला माल आहे का.

त्यांनी मागच्या खोलीतून दोन जाकिटं काढून दिली. एक पिसांचं, चेन तुटलेलं. दुसरं धाग्याच्या भरणाचं, खिसा फाटलेलं. मागे फरशी पुसायच्या पाण्याचं मोठं टाकं आहे. मी दोन्हींच्या बाह्या त्यात बुडवून धरल्या. जेनीबाई म्हणाल्या की हे दुकान आहे, लाँड्री नाही, आणि नळ आणखी मोठा सोडून दिला. दहा मिनिटांनी मी बाह्या पिळल्या आणि आत हात घातला. पिसांची बाही उंदराच्या शेपटीसारखी झाली होती. बाहेरच्या बोटाला आतलं बोट लागत होतं. दुसरी ओली होती, जड होती, पण पिळून झटकल्यावर पुन्हा फुगली. मी मार्टाला आत हात घालायला लावला. तिनं आधी दुसऱ्या बाहीत घातला. मग पिसांच्या. त्या बाहीत तिचा हात बराच वेळ होता.

त्यानंतरचं सोपं होतं. आत दोन स्वेटर घालून जाकीट चढव, बंदूक उचलल्यासारखे हात कर, कंबर उघडी पडते का बघ. पडली, मग त्याहून लांब घेतलं. टोपी कानांवर येऊन ऐकू कमी येतं, म्हणून सुटी होणारी टोपी. खिसे पट्ट्याच्या वर, छातीशी, म्हणजे बसल्यावर हात घालता येतात. शेवटी एक मातकट रंगाचं राहिलं. वरून ब्रश केलेल्या लोकरीसारखं मऊ, नख ओढलं तरी गप्प, आत धाग्याचं जाड भरण. वरून नारिंगी बंडी घालायची, कायद्यासाठी, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला हरीण वाटू नये. मी तिला मागच्या पायरीवर तासभर बसायला सांगितलं. वारा तळ्यावरून येत होता. ती जाऊन बसली. जेनीबाई तिच्यासाठी कॉफी घेऊन गेल्या आणि अर्ध्या वाटेतून परत आल्या. मचाणावर कोण कॉफी आणून देणार आहे, म्हणाल्या, आणि स्वतःच प्यायल्या.

तासानं मार्टा आत आली. नाक लाल. म्हणाली, पाय गार पडले, वर ठीक आहे.

"अस्वलासारखी दिसते मी," ती आरशात बघून म्हणाली.

"अस्वल काही थंडीनं मरत नाही," जेनीबाई म्हणाल्या, आणि लगेच पावतीपुस्तक शोधायला खाली वाकल्या. ते काउंटरवरच होतं.

हंगाम पंधरा तारखेला उघडला. पहिला दिवस कोरडा, कडक थंडीचा गेला. मार्टा सुलोच्या मचाणावर, मी टेकडीच्या अलीकडे, तिच्यापासून चारशे पावलांवर. दोघांनाही काही दिसलं नाही. संध्याकाळी सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, ओसरीत बसून आम्ही पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, खाल्ल्या. सुलोबद्दल बोलणं झालं ते एवढंच की तो पास्टीला केचप लावायचा आणि त्यावरून आमच्या वडिलांनी त्याला एकदा घराबाहेर उभं केलं होतं.

सोळा तारखेला साडेआठपासून पाऊस आणि बर्फ एकत्र पडायला लागलं.

मी मचाणावर बसून होतो. माझ्या बंदुकीवरून पाणी ओघळत होतं. मला भीती वाटली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं काही नव्हतं. मी घड्याळ बघत होतो. नऊ वाजले. सव्वानऊ. आमच्याकडे कुणी चालू शिकारीत दुसऱ्याच्या मचाणाकडे जात नाही. हरणं उधळतात, आणि गोळी लागायची भीती असते ती वेगळीच. दहाला पाच कमी असताना माझे पाय शिडीवर होते. मी ठरवलं वगैरे नव्हतं. ओढ्यावर मी ऑक्टोबरात दोन फळ्या ठोकून ठेवल्या होत्या, त्यांवरून गेलो, आणि लांबूनच शिट्टी वाजवत राहिलो.

मार्टा वरती बसलेली होती. जाकीट बाहेरून काळं पडलं होतं, बाह्यांवरून थेंब गळत होते. मी शिडी चढलो आणि तिला म्हणालो, चेन उघड थोडी. तिनं विचारलं नाही कशाला. मी हातमोजा काढून पालथा हात तिच्या गळ्याशी आत घातला. स्वेटर कोरडा होता. आत ऊब होती, पावाच्या भट्टीजवळ असते तशी. मी हात तिथं ठेवून उभा राहिलो. बहुतेक फार वेळ उभा राहिलो, कारण शेवटी तीच बोलली.

"काका, तुझा हात बर्फासारखा आहे. आणि माझ्या दोन माद्या पळवल्यास तू. इतक्या जवळ होत्या."

"चुकलं."

"आता आलायस तर खाली बस. शिट्टी वाजवू नकोस."

मी शिडीच्या पायथ्याशी दुपारपर्यंत बसलो. मला हुंदका येईल असं एकदा वाटलं, पण ती शिंक होती, आणि वरून मार्टानं बूट आपटला.

चौथ्या दिवशी तिनं एक आखूड शिंगांचा नर मारला. एकाच गोळीत. पोट उघडायचं कसं ते मी दाखवलं आणि तिनं केलं. तिला आतलं सगळं नावानिशी माहीत होतं, मला माहीत नव्हतं. दोघांनी ओढत कॅम्पवर आणला. आठवडाभर टांगून ठेवला आणि मग मांस कापून मी एकटाच इर्याकडे घेऊन गेलो. मार्टाला इस्पितळात कामावर परतावं लागलं होतं.

इर्या, म्हणजे माझी वहिनी, स्वयंपाकघरात पांढऱ्या कागदात मांसाची पुडकी बांधायला बसली. मी कापून देत होतो, ती बांधत होती. वेलदोड्याचा पाव ओव्हनमध्ये होता. आठ-दहा पुडकी झाल्यावर मी म्हणालो:

"वहिनी, सुलोचं ते जाकीट मी घेतलं होतं. मी निवडलं होतं."

तिनं कागदाची घडी पूर्ण केली, चिकटपट्टी लावली. पुडकं बाजूला ठेवलं.

"मला वाटत होतं त्यानंच आणलं," ती म्हणाली. "जुना कोट खुंटीवर ठेवून हे अंगात घालून गेला, तेव्हापासून मी त्याच्यावर चिडलेय. वर्षभर. साठाव्या वर्षी नखरे सुचले म्हणून. त्याच्या फोटोशीसुद्धा भांडलेय."

मी सुरी खाली ठेवली.

"त्याचा खांदा दुखायचा," मी म्हणालो.

"खांदा दुखायचा ते मला सांगतोस?"

ती उठली, ओव्हन उघडून पाव बघितला, पुन्हा लावला. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"आता त्याच्यावर चिडता यायचं नाही. तुझ्यावर चिडेन बहुतेक. आज नाही, आज थकलेय. उरलेलं काप."

मी उरलेलं कापलं. ती बांधत गेली. पुडकी तळघरातल्या फ्रीजरमध्ये मी ठेवून आलो. निघताना तिनं मला पाव दिला नाही. दर वेळी देते.

ती बोलल्याप्रमाणे चिडली. नाताळात घरी बोलावलं नाही. चर्चमध्ये मान हलवायची तेवढंच. मी ट्रक चालवत होतो. त्या हिवाळ्यात बर्फ पुष्कळ पडला, काम होतं. मला वाईट वाटत होतं का, हे मार्टानं फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणालो, रात्री जेवताना घास अडकतो. ती म्हणाली, हे चांगलं आहे, गेल्या वर्षी तू काय जेवलास तेही तुला सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीत इर्याचा फोन आला. दारात कमरेइतका बर्फ साचलाय, ढकलणाऱ्या पोरानं दांडी मारलीय. मी माझी गाडी घेऊन गेलो आणि रस्त्यापासून पायरीपर्यंत साफ केलं. ती खिडकीत उभी राहून बघत होती. काम संपल्यावर तिनं दार उघडलं आणि सांगितलं, बूट बाहेर काढ, फरशी आत्ताच पुसलीय.