वीस सेकंदांचं चित्र

लातुरात शांतता हवी असेल तर माणसाने क्लासच्या शेजारी प्रयोगशाळा थाटू नये. पण कॉलेज आधीचं आणि क्लास नंतरचा, मग बोलणार कुणाला? शेजारच्या चार मजली इमारतीतून पोरांची बॅच धडधडत जिना उतरली की मनतशाच्या यंत्राचं चित्र बिघडलंच म्हणून समजा. ते यंत्र बारीक सुईने पृष्ठभाग चाचपतं, आंधळा माणूस बोटांनी चेहरा चाचपतो तसं, आणि त्यातून जंतूसुद्धा दिसतो. पण एका चित्राला आठ मिनिटं लागायची. जंतूवर औषध टाकून ते कसं काम करतं हे पाहावं, तर तेवढ्यात जंतू मरून जाई, नाहीतर बॅच सुटे.

पीएचडीची सगळी वर्षं मनतशाने या वेगापायी घातली. सुई ओळीओळीने फिरे, ओळीच्या टोकाला झटक्यात वळे आणि यंत्र थरथरे. तिने ते वळण गोल केलं, यंत्र कुठे किती थरथरेल याचा हिशेब त्याला आधीच शिकवून ठेवला. आता चित्र वीस सेकंदांत येई. यंत्राची थरथर राहिलीच तर ती चित्राच्या कडेला दिसे. जमीन हलली तर मात्र चित्रभर लाटा उठत.

आज नांदेडहून सबिहा मॅडम हे काम तपासायला येणार होत्या. त्यांना पटलं तर शिष्यवृत्ती पुढे चालू, नाही पटलं तर गाशा गुंडाळायचा. मनतशाचा रात्रभर डोळा लागला नव्हता. सकाळी येताना क्लासच्या फाटकाला कुलूप दिसलं. मालकाच्या घरी लग्न होतं. तिला हायसं वाटलं.

तिचे गाइड गुरुबसप्पा सर मागच्या दाराने आले. सर किल्लारीकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची आई आणि बहीण दगडी घराखाली गेल्या. बॅच सुटून फरशी हलली की सर अजूनही खुर्चीतून अर्धे उठत आणि विचारत, "सुट्टी झाली का गं?" मनतशा म्हणे, "हाव सर." मग ते बसत.

मॅडम आल्या. मनतशाने जंतूंवर औषधाचा थेंब सोडला. पहिली चित्रं स्वच्छ आली. मग एकदम लाटा उठल्या, कडेला नव्हे, चित्रभर. मॅडमच्या कपातला चहा थरथरू लागला. क्लासला तर कुलूप होतं, म्हणजे ही जमीनच हलत होती.

सर अर्धे उठले. "सुट्टी झाली का गं?"

खरं सांगितलं तर सगळे बाहेर पळणार, जंतू मरणार आणि मॅडम गाडीत बसणार. आपल्याला जास्त भीती कशाची वाटतेय, हेच तिला कळेना.

"हाव सर," ती म्हणाली.

सर बसले. थरथर ओसरली. पुढच्या चित्रात जंतूचं कवच फाटताना लख्ख दिसलं.

"माशाल्ला!" मॅडम म्हणाल्या. "एवढा हादरा बसला आणि एकच चित्र वाया? जुन्या वेगाने तर सगळंच गेलं असतं. मी शिफारस करते."

सर मनापासून हसले आणि त्यांना पोचवायला पुढच्या फाटकापर्यंत गेले. तिथून क्लासचं कुलूप दिसतं, हे मनतशाच्या फार उशिरा ध्यानात आलं.

परत आल्यावर ते बसले नाहीत. "क्लास तर बंद हाय."

"सर, दोन मिन्टांचंच काम राहिलं होतं. लई भ्याले मी."

"भ्यालो तर मी बी होतो. आमच्या गावात त्या भूकंपाच्या आधी लई दिवस जमीन हालत होती. आई ज्याला त्याला विचारायची. शहाणे लोक म्हनायचे, काही न्हाई, झोपा." सरांनी तिचा अहवाल पुढ्यात ओढला. "तुझ्यावर भरवसा ठेवून बसलो गं मी."

मनतशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी तिच्या अहवालावर सही केली आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडला. दुपारची बॅच सुटली, फरशी हलली.

"सुट्टी झाली सर," मनतशा त्यांनी विचारायच्या आतच म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते उठून बाहेर मैदानात गेले. खिडकीतून तिला रस्ताभर दप्तरं पाठीला लावलेली पोरं दिसत होती. सरांनाही ती दिसत असणारच. तरी फरशी थांबून बराच वेळ होईपर्यंत सर उन्हातच उभे होते.