दिवा लागतो, पण जोडला जात नाही

दोन हजार सतरा साली हे झालं. त्या दुमजली घरात तेव्हा दोघी जावा राहत होत्या, एक वर आणि एक खाली, आणि गल्लीत त्यांना वरची आणि खालची असंच म्हणत. सासूच्या शिलाई मशीनवरून त्यांचं बिनसलं होतं. मशीन वरचीनं घेतलं, कारण पडदे शिवून द्यायचा धंदा तिचा होता. खालचीचं म्हणणं, निदान विचारायचं तरी. तेव्हापासून अबोला. जिन्यात समोरासमोर आल्या तर एक भिंतीकडे बघायची, दुसरी पायऱ्यांकडे. नवऱ्यांनाही ताकीद होती की एकमेकांच्या घरी जायचं नाही. सख्खे भाऊ बिचारे, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये भेटायचे.

वरचीला माहेरचा म्हणून एकच धाकटा भाऊ उरला होता. तो दूरच्या शहरात असे. घशाच्या आजारात त्याचा आवाज गेला. जन्मभर तोंडाचा पट्टा सुरू असलेला माणूस, एकदम मुका झाला. फोनवर चेहरा दाखवायला तो तयार नव्हता आणि लिहून बोलणं त्याला जमेना. लिहायला बसलो की ताईशी पाहुण्यासारखा वागतो, म्हणे. शेवटी त्यानं आपल्याकडे होता तसाच टीव्हीला जोडायचा एक गेमचा डबा आणि खेळायला हातात धरायचा बिनवायरी कंट्रोलर बहिणीला पाठवून दिला. चौकोनी ठोकळ्यांची दुनिया, तिच्यात दोघांची दोन बुटकी माणसं. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून काय हवं ते बांधायचं. ही सुरुवातीला सारखी नदीत पडायची आणि तो उडी मारून मागोमाग यायचा. हो म्हणायचं असलं की त्याचं माणूस उड्या मारी, हसायचं असलं की उठाबशा काढी. चालण्यातली ती घाई बघून वरचीला वाटे, हा तोच, लहानपणी माझा हात सोडून पळणारा. फक्त ती सगळी दुनिया होती भावाच्या डब्यात. तो समोर बसला असेल तेव्हाच हिला आत जाता येई.

मग दुसरं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. त्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन आला.

"ताई, न्यायला गाडी दुपारी येणार आहे. त्याआधी खेळात या, असं खुणावतायत. नदीपलीकडे काहीतरी बांधून ठेवलंय, मलासुद्धा नीट बघू देत नाहीत. तुम्हालाच दाखवायचंय."

"आलेच म्हणून सांग," वरची म्हणाली. हातातला पडदा तसाच टाकून ती टीव्हीसमोर बसली.

कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. पण टीव्हीवर आपलं तेच, कंट्रोलर जोडा. ती थांबली. थोड्या वेळानं दिवा विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. लागायचा, स्थिर व्हायचा, आणि कुणी फुंकर मारावी तसा जायचा.

"चार्जिंग संपलं असेल," सोफ्यावरून नवरा म्हणाला.

"अहो, दिवा लागतोय ना. आंधळी नाही मी."

"मग डबा बंद करून चालू कर."

केला. भिंतीतला प्लग काढून परत लावला. डब्याच्या इतकी जवळ जाऊन बसली की नाक टेकायचं राहिलं. खालून मोठ्यानं टीव्हीचं संगीत ऐकू आलं, बंद झालं, पुन्हा आलं.

"हिला आजच टीव्हीची हौस आलीय," वरची पुटपुटली.

नवऱ्यानं पेपर तोंडासमोर धरला.

कंट्रोलरच्या पाठीला एक बारीक भोक होतं. काहीच चालेना तर त्यात टोकदार काहीतरी खुपसायचं, हे भावानं शिकवलं होतं. तिनं जाड सुई घेतली आणि दाबून धरली. त्यानंतर दिवा नुसता लुकलुकायला लागला, स्थिर व्हायचंही विसरला. आता वायरीनं डब्याला जोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"वायर कुठंय?"

"असेल इथंच," नवरा म्हणाला, आणि उशा उचलून बघायला लागला. एकच उशी तो पुन्हा पुन्हा उचलत होता.

टेबलावरच्या दिव्याची वायर कंट्रोलरच्या चार्जिंगच्या खाचेत बसत होती. ती लावली. पण ती वायर नुसती वीज द्यायची, त्यापलीकडे तिला काही कळत नव्हतं. टीव्ही ढिम्म.

फोन वाजला. "ताई, कुठे आहात? गाडी दारात उभी आहे. हे उठत नाहीयेत. स्क्रीनवरून नजर काढत नाहीत."

"अगं, जोडलाच जात नाहीये. त्याला म्हणावं, पाच मिनिटं."

"थांबतो म्हणून मान हलवतायत. पण ड्रायव्हर ऐकायला तयार नाही."

वरचीनं फोन ठेवला आणि वायरींचा खोका जमिनीवर उपडा केला. एकेक वायर लावून बघून ती भिरकावायला लागली तसा नवरा उभा राहिला.

"वायर खाली आहे," तो म्हणाला.

"खाली म्हणजे?"

"तू मापं घ्यायला गेली होतीस ना परवा, खालचीही घरी नव्हती. मी हा कंट्रोलर घेऊन गेलो आणि वायरीनं त्यांच्या डब्याला जोडला. त्यांच्याकडेही असाच डबा आहे, दोघं भाऊ जरा फुटबॉल खेळलो. वायर तिथंच राहिली. मला वाटलं, नेऊन आणलं तर त्यात काय बिघडणार."

तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती जिना उतरली आणि कित्येक वर्षांनी खालचीचं दार वाजवलं.

दार उघडणारी आधीच तापलेली होती. "बरं झालं आलात, जाऊबाई. आमचा टीव्ही सकाळपासून आपोआप लागतोय. मी बंद करते, तो लागतो. मी बंद करते, तो लागतो. शेवटी प्लगच उपटला. म्हटलं, घरात काही शिरलंय की काय."

वरची तिथंच दाराला धरून उभी राहिली. वर ती बटण दाबून हाक मारत होती आणि ती हाक खालच्या डब्याला पोचत होती. कंट्रोलरनं परवा खालच्या डब्याशी सोयरीक केली होती आणि जुन्या मालकाला विसरला होता. एकीनं चालू करायचं, दुसरीनं बंद करायचं, आणि मध्ये फक्त एक जिना.

"तुमच्या डब्याला लावलेली आमची वायर द्या," ती म्हणाली. "माझा भाऊ थांबलाय."

खालचीला काही कळलं नाही, पण तिनं चेहरा बघितला आणि वायर घेऊन तीच आधी वर धावली. वायर लावताक्षणी डबा ओळख दाखवू लागला. वरचीनं बटण दाबलं. टीव्हीवर भावाचं नाव राखाडी झालेलं होतं. खाली बारीक अक्षरांत होतं, नुकताच बाहेर पडला.

भावजयीनं गाडीतून फोन उचलला. "दोघांनी धरून उठवलं, ताई. असू दे म्हणून हात हलवतायत."

"त्याला सांग, मी आलेय. आत्ता आलेय," वरची म्हणाली. भावजयीनं सांगितलं. पलीकडून गाडीचा तेवढा आवाज येत राहिला.

तो ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नाही.

नवऱ्याला तिनं कधी बोल लावला नाही. त्यानं एकदा तरी ओरड म्हणून पाहिलं. पुढे हृदयाच्या दुखण्यानं तो गेला, तोवर सलूनमध्येही जायचं त्यानं सोडलं होतं. दीर पोरीकडे राहायला गेला आणि तिथलाच झाला. खालची एकटी खाली राहिली. दोघी जावा आता बोलतात, पाण्याच्या टाकीचं, गुडघ्यांचं. त्या दुपारचं नाही.

भावजय घर आवरून आपल्या बहिणीकडे गेली. जाताना तिनं भावाचा डबा शेजारच्यांना दिला, त्यांनी तो पुसून कोरा केला. तिला वाटलं, खेळणंच तर आहे. नदीपलीकडे काय होतं, हे वरची तिला फोनवर विचारत राहिली. भावजय एकदा म्हणाली घर होतं, एकदा म्हणाली पूल होता, आणि मग म्हणाली, "ताई, मी पाठमोरी होते हो, मला खरंच माहीत नाही." त्यानंतर वरचीनं विचारायचं सोडलं. अजून ती पडदे शिवते, डोळे चालतील तितके.