भट्टी बंद असतानाचे आकडे

लोवेना रोस्किलीने वैद्यकाचा विचार सोडून इतिहासाला अर्ज करायचे ठरवले, तेव्हा कॉलेजात माणसांपैकी कुणालाच धक्का बसला नाही. बसला तो संगणकातल्या एका तक्त्याला. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘इच्छित विषय’ आणि ‘स्वतंत्र प्रकल्प’ असे दोन रकाने होते, आणि ते एकमेकांशी जुळेनासे झाले की त्या नावावर पिवळा रंग चढे. लोवेना सोमवारी पिवळी झाली आणि मंगळवारी तिला बोलावणे आले.

फेअरक्लफ बाई प्रकल्पांच्या प्रमुख होत्या. त्यांच्या टेबलावर एक निवडुंग होता आणि त्याला बाहुलीचा स्वेटर घातलेला होता.

“बस गं. कुणी रागावणार नाहीये. इतिहास म्हणजे छानच. पण तुझा प्रकल्प फुफ्फुसांवर आहे.”

“चिनी मातीच्या भट्टीत आयुष्य घालवलेल्या माणसांच्या फुफ्फुसांवर, बाई.”

“तेच म्हणते मी. इतिहासाच्या प्राध्यापकांनी तुझ्या अर्जात ते वाचून करायचं काय?”

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने विषय निवडावा असे एकच काम होते, आणि म्हणूनच की काय, सगळ्यात जास्त पहारा त्याच्यावर होता. निबंधासोबत एक प्रकल्पवही भरावी लागे. कोणत्या तारखेला कोणता विचार आला, तो का बदलला, बदलल्यावर काय वाटले, हे सारे तीत लिहायचे. विचार बदलायला मनाई नव्हती, उलट बदलल्याचे गुण मिळत. फक्त तो रकान्यात मावेल इतपतच बदलावा अशी अपेक्षा असे.

“दोन रस्ते आहेत,” बाई म्हणाल्या. “हे सोड आणि राणीच्या दरबारातल्या वैद्यांवर काहीतरी लिही. म्हणजे जुनंही जुळतं, नवंही जुळतं. नाहीतर आहे तेच नोव्हेंबर संपायच्या आत उरकून टाक. तसा तुझा निष्कर्ष गोड आहे. बँडमध्ये वाजवणाऱ्यांचा दम शाबूत राहतो! प्राचार्यांना तो पालकांच्या मेळाव्यात भिंतीवर लावायचाय.”

“मी हाच पुढे नेते.”

“शहाणी आहेस. पण आता नवीन काही उकरून काढू नकोस त्यात.”

उकरायचे ते तिने आधीच उकरले होते, पण बाईंनी प्रकल्प वाचला नव्हता, नुसता निष्कर्ष वाचला होता.

गेल्या वर्षी डॉक्टर होण्याच्या भरात तिने सुरुवात केली ती गावच्या पितळी वाद्यांच्या बँडपासून. बँडमधले सात म्हातारे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या, खाणींच्या गाळाने झालेल्या पांढऱ्या टेकड्यांखालच्या भट्ट्यांत राबलेले. ओली चिनी माती तापलेल्या फरशीवर वाळवायची आणि फावड्याने उपसायची. वाळली की ती पिठासारखी उडे आणि माणसाच्या भुवयांपासून जेवणाच्या डब्यापर्यंत सगळे पांढरे होई. दर गुरुवारी तालमीआधी लोवेना त्या सातजणांना दम मोजायच्या प्लास्टिकच्या नळीत फुंकायला लावी. नळीवरचा काटा सरके आणि आकडा दाखवी. गावात बँडबाहेरचे चार जुने कामगार होते, त्यांचे आकडे तीनशेच्या आत. बँडवाल्यांचे मात्र साडेचारशे आणि पाचशे. तिचे आजोबा हेडली रोस्किली सर्वांत पुढे, पाचशे दहावर. ते युफोनियम वाजवत. कडेवर घेतलेल्या मुलासारखे ते भलेमोठे वाद्य पन्नास वर्षे त्यांच्या मांडीवर होते.

मग भट्टीत धूळ किती होती हे पाहायला ती जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेली. कंपनीच्या नोंदवह्या तिथे नीट बांधून ठेवलेल्या होत्या. तीस वर्षे दर महिन्याला धूळ मोजली होती. प्रत्येक आकडा मर्यादेच्या आत, प्रत्येक आकड्याखाली दोन सह्या. सुंदर अक्षर. तिने सहज म्हणून भट्टीच्या दुरुस्तीची वही शेजारी ठेवली आणि तारखा ताडून पाहिल्या. धूळ मोजली जाई ती नेमकी भट्टी थंड असलेल्या दिवशी, फरशी धुऊन झाल्यावर. एकही आकडा खोटा नव्हता. हवेत जे नव्हते ते अचूक मोजून ठेवले होते.

फुफ्फुसात धूळ गेली की काय होते हे सांगायला जगात हजारो डॉक्टर होते. हे आकडे कसे निपजले असे विचारणारे त्या दफ्तरखान्यात तिच्याआधी कुणी फिरकल्याची नोंद नव्हती. ती परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा वैद्यकाचा विषय संपला होता.

आजोबांना तिने हे जेवताना सांगितले. त्यांनी पेस्टीची, मांस-बटाटा भरलेल्या त्या मोठ्या करंजीची, कड तोडून बशीत ठेवली.

“अख्ख्या चॅपलला सांगून बसलोय मी, नात डॉक्टरीण होणार म्हणून.”

“आता सांगा इतिहास शिकणार म्हणून.”

“इतिहास म्हणजे आम्ही मेल्यावरचं काम. मग त्या नळीत आता कशाला फुंकायचं?”

“प्रकल्प चालू आहे, आजोबा.”

“चालू आहे ना? मग ठीक.” ते बरेच खुशीत आले. “पहिला नंबर सोडवत नाही गं. तो मर्विन टपूनच बसलाय.”

मर्विन हॉकिन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर दुसरे युफोनियम वाजवी. वय चौऱ्याहत्तर, आणि दुसऱ्याला शिकवण्याची हौस अनावर. पुढच्या गुरुवारी मंडळी जमेपर्यंत लोवेनाने वेळ घालवायला स्वतःच नळीत फुंकले. चारशे दहा.

“एवढंच?” मर्विन ओरडला. “अगं, तरणीताठी पोर तू! आण इकडे. जीभ दातांमागे दाब. हवा अडव. तुंबू दे, तुंबू दे... आणि सोड! ‘तू!’ असं. जिभेनं ठोकायचं.”

तिने ठोकले. काटा सहाशे चाळीसवर गेला.

मर्विनने टाळ्या वाजवल्या. लोवेना काट्याकडे पाहत राहिली.

“मर्विनकाका, तुम्ही सगळे असंच फुंकता?”

“मग कसं फुंकणार? साठ वर्षं वाजवतोय. नळी तोंडाला लागली की जीभ आपली आपण जाते.”

“ही फसवाफसवी झाली.”

“कुणाची? आम्ही काय तुझ्या त्या बँडबाहेरच्या चौघांसारखं फुंकायचं? फू, फू करत?”

घरी येऊन तिने नळीसोबतची सूचनांची घडी उलगडली. सातव्या ओळीत लिहिले होते की हवा जिभेने अडवून सोडू नये, आकडा फुगतो. ती ओळ तिने गेल्या वर्षी पिवळ्या शाईने अधोरेखितही केली होती. वर्षभराचे आकडे दमाचे नव्हतेच. ते जिभेचे होते. बँडने कुणाचे फुफ्फुस वाचवले नव्हते. बँडने फक्त भट्टी बंद असल्यासारखे दाखवले होते, आणि ते मोजणारी ती, तिच्या नीट अक्षरासकट.

“‘अभ्यासाच्या मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद असतो ना,” फेअरक्लफ बाई म्हणाल्या, “तिथं एक ओळ घाल. फुंकण्याच्या पद्धतीत फरक संभवतो, वगैरे.”

“फरक संभवत नाही, बाई. निष्कर्षच खोटा आहे. मला सगळ्यांना पुन्हा मोजावं लागेल.”

“प्रकल्प द्यायला दोन आठवडे राहिलेत. मुलाखतीची तयारी करायची की हे? आणि लोवेना, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू आता डॉक्टर होणार नाहीस. हे आकडे वाचून कुणी कुणाला औषध देणार नाहीये.”

“कंपनीचे आकडे वाचूनही कुणी दिलं नाही.”

“कुठल्या कंपनीचे?”

लोवेनाने निवडुंगाच्या स्वेटरकडे पाहिले आणि विषय वाढवला नाही. सांगण्यासारखे आणखी एक होते, तेही तिने सांगितले नाही. बँडबाहेरच्या चौघांसारखीच धूळ आजोबांनी खाल्ली होती, चौघांपेक्षा आठ वर्षे जास्त. खरा आकडा काय निघेल याचा अंदाज बांधायला डॉक्टर होण्याची गरज नव्हती. वर्षभर त्यांनी तो पाचशे दहा छातीवर बिल्ल्यासारखा मिरवला होता. सकाळी मोजे घालताना ते खाटेवर मध्येच थांबत, आणि तिने विचारले की म्हणत, “पाचशे दहा आहे माझा, जा अभ्यास कर.” तोच काढून घ्यायचा, आणि तोही एका अशा प्रकल्पासाठी, ज्याची गरज आता कुणालाच उरली नव्हती.

गुरुवारी ती तालमीच्या खोलीत सगळ्यांसमोर उभी राहिली.

“गेल्या वर्षभराचे आकडे चुकीचे आहेत. चूक माझी. आज पुन्हा फुंकायचं, पण जीभ खाली ठेवून. थंडीत काचेवर वाफ सोडतो तसं, मोकळ्या गळ्यानं.”

“म्हणजे म्हाताऱ्यासारखं,” कुणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले.

मर्विन पहिला उठला. दोनशे नव्वद. त्याने नळी झटकली, तिच्यात काही अडकले असावे तशी, आणि पुन्हा फुंकली. दोनशे पंच्याऐंशी. दुसऱ्याचा तीनशे दहा. तिसऱ्याचा दोनशे सत्तर. हसणे कधी थांबले ते कळले नाही. एकाने आपला ट्यूबा पुसायला घेतला आणि पुसतच राहिला; त्याला कुणी आग्रह केला नाही.

शेवटी आजोबा उठले. त्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, जीभ खाली केली, आणि काचेवर वाफ सोडावी तसे फुंकले.

एकशे सत्तर.

“परत,” ते म्हणाले.

एकशे ऐंशी. मग परत एकशे सत्तर. त्यानंतर त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली.

“तीनदा फुंकायचं आणि मोठ्यातला मोठा लिहायचा. नियम तुझाच ना? मग लिही. एकशे ऐंशी.”

तिचा पेन चालेना.

“हेडली,” मर्विन हलकेच म्हणाला, “लेका, लांब सूर मी एकटाच ओढतोय. दोन वर्षं झाली.”

“मला काय ऐकू येत नाही होय रे?” आजोबा म्हणाले. “लिही गं तू.”

तिने लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात फोन केला. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर, चहा ओतता ओतता म्हणाले, “कंपनीनं माझी धूळ कमी लिहिली. तू माझा दम जास्त लिहिलास. दोन्ही वेळा मला बरंच वाटत होतं.”

तिने निष्कर्ष खोडून पुन्हा लिहिला. जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवले, आणि त्यांच्या आधी कंपनीच्या दोन वह्यांमधल्या तारखा. प्रकल्पवहीत चूक कशी झाली ते तारखेसह नोंदवले. फेअरक्लफ बाईंनी ते वाचले. या वेळी खरेच वाचले. त्यांचा चेहरा उजळला.

“हे फार छान झालं! परीक्षकांना असलं फार आवडतं. चूक ओळखून कबूल केली की त्याचे वेगळे गुण असतात, माहितीय ना?”

माहीत होते. प्रकल्पवहीच्या पहिल्याच पानावर छापलेले होते. आजोबांना जिना चढताना लागणाऱ्या धापेचे किती गुण, ते मात्र कुठे दिलेले नव्हते.

पालकांचा मेळावा डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी दुपारी होता. आई कामावर असल्याने आजोबा आले, कोट घालून. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. ते तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा भिंतीवरच्या फोटोंचे कौतुक करत राहिले. वर पोचले तर समोरच, मेजावरच्या केशर घातलेल्या गोड बनपावांच्या ताटामागे, सात उंच निळे खांब असलेला तक्ता: ‘संगीत श्वास वाचवते’. खाली लोवेनाचे नाव.

“मी काढायला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दोनदा सांगितलं होतं.”

“ह्यात मी कुठला?”

“तिसरा. नावं नाहीत घातली.”

“सगळ्यात उंच,” आजोबा म्हणाले. त्यांनी थोडा वेळ स्वतःच्या खांबाकडे पाहिले. एखाद्या जुन्या फोटोतल्या आपल्याच चेहऱ्याकडे माणूस पाहतो तसे. मग हात पुढे केला. “पेन आण.”

त्यांनी आपल्या निळ्या खांबावर, तळापासून जेमतेम एक तृतीयांश उंचीला, आडवी रेघ मारली, तिच्यापुढे ‘१८०’ लिहिले आणि खाली पूर्ण नावाने सही केली.

फेअरक्लफ बाई लगबगीने आल्या. “अहो, अहो आजोबा! हे छापलेलं आहे! सगळीकडे हेच गेलंय, वेबसाइटवरसुद्धा!”

“आमच्या वेळीपण सगळं लिहून ठेवलेलंच होतं, बाई,” आजोबा म्हणाले. “दोन दोन सह्यांनिशी.” मग लोवेनाकडे वळून त्यांनी पेन तिच्यापुढे धरला. “दुसरी तुझी.”

तिने सही केली. बाईंनी इकडे तिकडे पाहिले, बनचे ताट जरा डावीकडे सरकवले, आणि सह्या झाकल्या गेल्या. लोवेनाने ताट उचलून पलीकडच्या मेजावर नेऊन ठेवले. ती परतली तेव्हा आजोबा खिडकीशी एका लहान खुर्चीवर बसले होते, तोंड किंचित उघडे, नजर दाराबाहेरच्या जिन्याच्या कठड्यावर.

“उतरायचंय ना?” तिने विचारले.

“थांब जरा,” ते म्हणाले. “घाई नाही.”