कोरड्या कबरी

"अजून किती निघेल?" पाळकबाईंनी वरून विचारलं.

मी खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभा होतो, त्यामुळे थाप मारायला वाव नव्हता. "आठ-दहा बादल्या," मी म्हणालो. "तुम्ही एवढ्या सकाळी कशा?"

"मयताच्या घरी जायच्या आधी कबर बघून जावं म्हटलं."

आमच्या चर्चच्या मंडळीत येऊन त्यांना सहा महिनेही झाले नव्हते. आधीचे पाळकसाहेब दफनभूमीत यायचे ते सगळ्यांबरोबर, शवपेटीच्या पुढे चालत. तोवर माझं काम उरकलेलं असायचं. पाणी उपसायचं, तळाला चार घमेली कोरडी वाळू टाकायची, वर सुकी पानं पसरायची, कडांना गोणपाट लावायचं. पाणी परत वर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात प्रार्थना, गीत, मूठ-मूठ माती, सगळं आटपतं. कोणी हौसेनं एक गीत जास्त म्हणायला घेतलं की मी कडेला सरकून तळाकडे बघत राहतो.

बाईंनी पदर खोचला, मी भरून दिलेली बादली वर घेतली आणि कुंपणापलीकडे ओतली. मग दुसरी. पाचव्या बादलीला त्यांनी विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"अकरा वर्षं. आधी फक्त भरतीच्या वेळी यायचं. आता ते वेळ बघत नाही."

"मंडळीच्या पंचांना माहीत आहे?"

"रडणाऱ्या माणसाला अजून पाणी कशाला दाखवायचं, बाई?"

वाळूचं घमेलं त्यांनीच माझ्या हातात दिलं.

चौतीस वर्षं मी कबरी खोदतोय. मंडळीतली पोरं मला खड्डेमामा म्हणतात, आणि त्यांचे आईबापही तीच हाक मारतात. माझी बायको म्हणायची, "तुमच्या हाताखालून गेलेल्यांपैकी एकानंही कधी तक्रार केली नाही. असं नशीब कुठल्या कारागिराचं असतं?" ती जाऊन चार वर्षं झाली. तिच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखून ठेवली आहे, पंचांनी तसा कागद दिलाय. माणसाला म्हातारपणी काहीतरी ठरलेलं लागतं. माझं तेवढंच ठरलेलं होतं, आणि दिवसभराच्या खोदाईनंतर कंबर धरून घरी जाताना मला त्याचा आधार वाटायचा.

त्याच महिन्यात सरकारनं किनाऱ्याची नवी रेषा आखायला घेतली. समुद्र वर येतोय, म्हणून हवामानाचं नवं धोरण आलं होतं. ज्या जमिनीत चार फुटांच्या आत पाणी लागतं, तिथे बांधायचं नाही, पुरायचं नाही. ती जमीन खारफुटीला सोडायची, म्हणजे झाडं पाणी अडवतील. दफनभूमीसाठी टेकडीवर दुसरी जागा मिळणार होती. जुन्या कबरींना कोणी हात लावणार नव्हतं, पण नवी एकही नाही. जमिनीच्या मालकांनी पाण्याची पातळी खरी खरी लिहून द्यायची होती; आमची मंडळी ती रविवारच्या सभेत देणार होती. मोजणीवाल्या साहेबांनी स्वतःही एक खड्डा घेऊन पाहिला, पण भर उन्हाळ्यात, ओहोटीला आणि फाटकाजवळच्या उंचवट्यावर. जागा दाखवणारे होते आमचे मुख्य पंच, निवृत्त मास्तर. तिथे पाणी कुठून लागणार?

शनिवारी पाळकबाई माझ्या खोलीवर आल्या. खुर्ची एकच आहे, ती त्यांना दिली.

"मामा, खालच्या वस्तीच्या विहिरी आपल्या कुंपणापासून किती लांब?"

"शंभर पावलं. उताराला."

"म्हणजे आपल्या कबरींतलं पाणी तिकडेच जातं. तिथली मुलं सारखी आजारी असतात." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "देवानं पहिल्या माणसाला बाग दिली ती राखायला दिली. तिच्यावर स्वतःचं नाव घालायला नाही दिली."

"मग उद्या सभेत तुम्हीच सांगा ना. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"मी एक कबर पाहिली. तुम्ही सगळ्या पाहिल्यात. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तुम्ही सांगितलं तर साक्ष होईल."

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात ते खरंच. मी त्यांच्याशी माझ्या राखीव जागेबद्दल बोललो नाही. त्यांना ते माहीत होतं, आणि दारातून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "मला कळतंय, मामा. तरीसुद्धा विचारायला आले."

रविवारी उपासना झाल्यावर सभा भरली. मोजणीवाले साहेब कागद घेऊन समोर बसले होते. मास्तर उभे राहिले. मास्तर वाईट माणूस नव्हे. एवढंच, की चाळीस वर्षं वर्गात कोणी उलट उत्तर दिलं नाही, त्याची सवय लागलेली.

"पुन्हा महापूर आणणार नाही, असं देवानं वचन दिलंय," ते म्हणाले. "आणि हे ऑफिसात बसून सांगतात समुद्र येतोय. बरं, ते राहू द्या. आपल्या वाडवडिलांच्या कबरी आपण डोळ्यांनी पाहिल्यात ना? मागच्या वर्षी माझी आई गेली. मी स्वतः कडेला उभा होतो. तळाला कोरडी वाळू होती, कोरडी पानं होती."

"माझ्या भावाच्या वेळीही," मागून कोणी म्हणालं. "आमच्या बाबांच्याही," दुसरं कोणी. एकेक जण उठून सांगू लागला. कोणीच खोटं बोलत नव्हतं. जे पाहिलं तेच सांगत होते, आणि ते मी दाखवलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

साहेब कागदावर पेन टेकवणार, एवढ्यात मी उठलो. गुडघे धरलेले, उठायला वेळ लागला.

"साहेब, कोरडं लिहू नका. तीन फुटांवर पाणी लागतं. सकाळी मी उपसतो, वरून वाळू टाकतो. अकरा वर्षं टाकतोय."

मास्तर माझ्याकडे वळले. "माझ्या आईच्या वेळी?"

"चौदा बादल्या, मास्तर."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही रडत होता."

एक बाई उठून बाहेर निघून गेली. दुसरी मला म्हणाली, "आम्ही तुझ्या भरवशावर होतो, मामा." मी पुढे साहेबांकडे गेलो.

साहेबांनी आकडा लिहिला. मग शेवटचं पान पुढे केलं. राखीव जागा सोडायला ज्याची त्याची संमती हवी होती. आठ नावं होती, त्यात माझं पहिलं. मी पेन घेतलं. बायकोचा चेहरा समोर आला. ती रागावलेली वाटली नाही, नुसती दमलेली वाटली. मी सही केली.

बाहेर आलो तेव्हा बरीचशी मंडळी गेली होती. मास्तर व्हरांड्यातल्या बाकावर एकटेच बसले होते. मी मान खाली घालून पुढे जात होतो, तर त्यांनी हाक मारली.

"माती टाकल्यावर परत आलं असेल ना पाणी?"

नाही हो, चांगली कोरडी जागा आहे, काळजी करू नका. हे वाक्य मी किती जणांना म्हटलंय, त्याची गणती नाही. आताही ते जिभेवर आलं होतं.

"आलं असेल," मी म्हणालो.

"किती?"

"पेटीच्या वर."

त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. "ती पाण्याला फार भ्यायची," ते म्हणाले. "जन्मात कधी होडीत बसली नाही."

मी उभाच होतो. त्यांनी चष्मा परत लावला आणि विचारलं, "तुझ्या बायकोच्या वेळी कोणी उपसलं?"

"मीच. पण त्या दिवशी हात चालत नव्हते. अर्धंच निघालं."

मास्तरांनी मान हलवली. मग बाकावर जरा पलीकडे सरकले आणि मला जागा करून दिली.